शेवंतीला घेऊन शिर्डीच्या विमानात

आमच्या दुकानात येणारी माणसं मला अजून विचारतात, "सोपान, कुत्र्याला खरंच विमानात आपल्याजवळ बसवून नेता येतं का?" येतं. काही विमानकंपन्या नेऊ देतात, काही नाही. कुत्रं लहान हवं, बॅगेत मावायला हवं, डॉक्टरचा दाखला हवा. एवढं सांगून भागलं असतं तर मी लिहायला बसलोच नसतो. सातवीतून शाळा सुटलेला माणूस मी, मला लिहायची सवय नाही. पण त्या प्रवासात जिवाची जी घालमेल झाली ती कागदावर उतरवल्याशिवाय जाणार नाही असं वाटतं. शिवाय ज्यांना असं जायचं असेल त्यांनी निदान माझी चूक तरी करू नये.

मी नगर जिल्ह्यातला. आता अहिल्यानगर लिहायचं असतं, पण तोंडात नगरच येतं. आमचं गाव हिवरे बाजारच्या डोंगरापलीकडं. त्या गावात मोकळी चराई बंद, त्यामुळं तिथलं गवत आमच्या मेंढरांनी लांबूनच बघितलेलं. आबा, म्हणजे माझे वडील, मेंढरं राखतात. दिवाळी झाली की घरादाराला कडी घालून कळप घेऊन निघायचं, लोकांच्या रानात मेंढरं बसवायची, पावसाळ्याला परत यायचं. शाळा सुटली ती त्यातच. पण लोकर कातरायला शिकलो, आणि त्याच हातांवर आज बेंगळुरूत जगतो. तिथं कुत्र्यांची केशकर्तनालयं असतात. हसू नका. कुत्र्याला आंघोळ, नखं, कान, केस, सगळं करतो आम्ही. मेंढीला गुडघ्यात धरायचं आणि या कुत्र्यांना टेबलावर उभं करायचं, एवढाच काय तो फरक.

हे काम मला मिळालं ते सुमनकाकूंमुळं. केबलचे खड्डे खणायला एका मुकादमाबरोबर मी तिकडं गेलो होतो. मुकादम आम्हाला सोडून पळाला. भाषा येत नव्हती. जनावरांच्या एका दवाखान्यात झाडू मारायला लागलो. तिथं एक बिथरलेलं कुत्रं मी समजावत होतो, "गप गं माझे बाय, काय न्हाई हुत." मागून एक म्हातारा आवाज आला, "कुठला रे तू? नगरचा का?" त्या काकू. माहेर कोपरगावचं, नवरा बेंगळुरूला नोकरीला होता, तो वारल्यावर एकट्याच राहत होत्या. त्यांच्या हातात त्यांची कुत्री होती, शेवंती. पांढरी, कानांवर तपकिरी, आणि तोंडाभोवती केस असे फुललेले की डोळे शोधावे लागत. काकूंनीच मला हाताला धरून दुकानात नेलं आणि मालकाला त्याच्या भाषेत सांगितलं, "हा माझा माणूस आहे." परक्या गावात तसं म्हणणारं दुसरं कुणी मला भेटलं नाही.

गेल्या वर्षी काकू बहिणीकडं, लीलामावशींकडं, कोपरगावला गेल्या आणि तिथल्या अंगणात पडल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं. तिसऱ्या मजल्यावरचं बेंगळुरूचं घर सोडावं लागलं. तेव्हापासून शेवंती माझ्याजवळ, दुकानाच्या मागच्या खोलीत. काकूंचा रोज संध्याकाळी फोन. पहिलं वाक्य ठरलेलं, "विंचरलंस का तिला?" स्वतः असताना त्या रोज दिवे लागायच्या वेळेला शेवंतीला मांडीवर घेऊन विंचरायच्या. काकूंच्या डोळ्यांना आता फारसं दिसत नाही, पण त्या कामाला डोळे लागत नव्हते.

मग एक दिवस त्या म्हणाल्या, "सोपान, तिला घेऊन ये. विमानानं ये, तिकीट इथून काढते. पण ऐक. लीलाच्या घरात आजवर कुत्रं आलेलं नाही. ती म्हणते, दोन दिवस बघते. नाही जमलं तर तूच परत ने, आणि तिच्यासाठी चांगलं घर शोध."

"जमेल की काकू," मी म्हणालो.

"तुझ्या म्हणण्यावर आहे का ते," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

निघण्याआधी

विमानात कुत्र्याचं आणि बॅगेचं मिळून वजन ठरलेल्या हद्दीत बसावं लागतं. शेवंती बसेना. यात दोष माझाच. मी जेवायला बसलो की ती समोर येऊन बसते, आणि दारात बसलेल्या जिवाला न देता घास गिळायचा हे आमच्या घरात कुणी शिकवलेलं नाही. भाकरीचा काठ, दूध, कधी अंडं. काकू विचारायच्या, "जाड नाही ना झाली?" मी म्हणायचो, "केस आहेत ते."

दोन दिवस राहिले तेव्हा घाबरून आबांना फोन लावला.

"आबा, जनावराचं वजन कमी करायचंय. लगीच."

"कशापायी?"

"इमानात न्यायचंय."

आबांच्या मागं मेंढरं ओरडत होती. ते म्हणाले, "लोकर हाय का त्याला?"

"लई हाय."

"मग उतरव की! निम्मं वज्जन लोकरीचंच आसतंय. हे बी मीच सांगायचं व्हय?"

खरं सांगतो, पटलं. माणूस घाबरला की लहानपणी शिकलेलं तेवढंच आठवतं. शेवंतीला टेबलावर घेतलं आणि मशीन लावलं. पोटाखालचे थोडे काढू म्हणून सुरुवात केली, पण मेंढी कातरणारा हात एकदा चालू झाला की अर्ध्यावर थांबत नाही. एक बाजू केली की दुसरी करावीच लागते. भानावर आलो तेव्हा टेबलावर नुकतंच जन्मलेलं करडू उभं होतं. गुलाबी कातडी, मोठे मोठे डोळे. ते डोळे माझ्याकडं असे बघत होते की मी मशीन मागं लपवलं.

उतरलेले केस काट्यावर ठेवले. मूठभर चुरमुऱ्यांएवढंही वजन भरेना. मेंढीची लोकर धुळीनं, तेलानं जड होते. ही रोज विंचरलेली, आठवड्याला धुतलेली. जड होती ती बॅग, तिच्या बुडाशी लाकडी फळी होती. मालकानं त्याची स्वतःची हलकी बॅग काढून दिली आणि वजन मुकाट हद्दीत बसलं. म्हणजे केस कापायची गरजच नव्हती. मी खाली बसलो. मालक म्हणाला, "उगवतात रे." उगवतात, पण काकूंना परवा काय सांगू?

आमच्यात उतरवलेली लोकर केरात टाकत नाहीत. जनावराच्या अंगावरचं ते, पायदळी जाऊ नये, असं आई म्हणते. म्हणून ते केस एका कापडी पिशवीत भरून माझ्या सामानात ठेवले.

बेंगळुरूचा विमानतळ

या विमानतळाबद्दल एकच सांगतो: आमच्या अख्ख्या गावाची जमीन आत मावेल आणि तरी मेंढरं बसवायला जागा उरेल. चकचकीत फरशीवर शेवंतीची बॅग छातीशी धरून मी चालत होतो आणि लोक वाकून जाळीतून बघत होते.

काउंटरवर एक मुलगी होती, गोड बोलणारी. दाखला बघितला, वजन केलं, ठीक म्हणाली. मग लसीकरणाचं पुस्तक उघडलं. त्यावर शेवंतीचा फोटो, काकूंनी हौसेनं काढलेला, डोक्यावर लाल रिबीन, केस जमिनीला टेकलेले. मुलीनं फोटो बघितला. जाळीतून बघितलं. परत फोटो बघितला.

"सर," ती हिंदीत म्हणाली, "हा दाखला दुसऱ्या कुत्र्याचा आहे."

"नाही मॅडम, हाच आहे. म्हणजे हीच आहे. केस कापलेत."

"दाखल्यावर 'लांब केस' लिहिलंय. मी हे कसं सोडू?"

तिचं काही चुकत नव्हतं. कुणीही तेच म्हणालं असतं. डॉक्टरांना फोन लावला, पहाटेची वेळ, कोण उचलणार. मागची रांग वाढत होती. विमान चुकलं तर पुढं काय, काकू तिकडं उठून बसल्या असतील, आणि लीलामावशी म्हणतील, बघ, सुरुवातच अशी. तेवढ्यात पिशवी आठवली. सगळी काउंटरवर ओतली नाही एवढंच. मूठभर केस काढले, बॅगेची चेन थोडी उघडली, शेवंतीचं तोंड बाहेर घेतलं आणि तिच्या गालांना ते केस लावून दाखवले. कानापाशी तपकिरी, कपाळावर पांढरे.

"हे बघा मॅडम. आता बघा."

मुलीनं फोटो वर धरला. ओठ दाबून धरले. मग तिला हसू आवरेना. तिनं आतून तिच्या साहेबाला बोलावलं. साहेब आला, चष्मा लावून फोटो आणि माझ्या हातातली दाढी लावलेली शेवंती आळीपाळीनं बघू लागला. मी हात हलू न देता उभा. शेवंतीला शिंक आली आणि सगळी दाढी काउंटरवर उडाली.

"जाऊ दे त्यांना," साहेब म्हणाला, "एवढं खोटं कोणी बरोबर घेऊन फिरत नाही."

त्या दोघांची नावं मला माहीत नाहीत. पण त्यांचं भलं होवो असं मी तिथंच हात जोडून म्हणालो. उडालेले केस मी आणि ती मुलगी, दोघांनी मिळून गोळा केले.

पुढं सुरक्षा तपासणी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कुत्र्याला बॅगेतून बाहेर काढावं लागतं, बॅग यंत्रातून जाते आणि कुत्रं आपल्या कडेवर. जवानानं आधी मला चाचपलं, मग शेवंतीच्या पोटाखालून हात फिरवला.

"ये क्या है भाई, भेड का बच्चा?"

"कुत्ता है साहब."

"कुत्ते के साथ ये किसने किया?"

मी शेवंतीला घेऊन बॅगेकडं वळलो.

हवेत

आम्हाला शेवटच्या रांगेत खिडकीपाशी बसवलं होतं. बॅग पुढच्या सीटखाली ठेवायची, चेन उघडायची नाही, कुत्र्याला बाहेर काढायचं नाही, असं हवाईसुंदरीनं दोनदा सांगितलं. मीही दोनदा मान हलवली.

शेजारी एक म्हातारे बाबा आले. पांढरी टोपी, गळ्यात विटकरी मफलर. राहात्याकडचे, पेरूची बाग असलेले. मुलाकडं महिनाभर राहून निघाले होते. गावाकडचा माणूस भेटला म्हणून मला इतकं बरं वाटलं की मी लगेच सांगून टाकलं.

"बाबा, खाली कुत्रं हाय बरं का. बारीक हाय. काय करत न्हाई."

बाबांनी खाली बघितलं आणि दोन्ही पाय उचलून सीटवर मांडी घातली.

"आरं देवा. इमानात बी?"

"बंद हाय बाबा बॅग."

"बंदच आसतंय समदं, उघडंस्तवर. मला ल्हानपनी पोटरीला धरलं हुतं. चौदा इंजेक्शनं, पोटात. तवापासनं कुत्रं म्हनलं की पोट दुखतंय." आणि तशीच मांडी घालून त्यांनी पट्टा लावला.

विमान पळायला लागलं तसं बॅगेतून बारीक आवाज यायला लागला. उडाल्यावर तो वाढला. कानात दडे बसत होते. मला सांगता येत होतं, तिला येत नव्हतं. पुढच्या रांगेतल्या बाई मागं वळून बघू लागल्या. मेंढी कातरताना बिथरली की आम्ही तिला गुडघ्यांत धरतो आणि घशातून एक घुमता आवाज काढतो, एकसारखा, कातरणं संपेपर्यंत. मी बॅगेच्या दोन्ही बाजूंना पाय दाबले, खाली वाकलो आणि तो आवाज काढला. शेवंती झटक्यात गप्प झाली. हायसं वाटलं, मग लक्षात आलं की दोन दिवसांपूर्वी तिला कातरताना मी हाच आवाज काढत होतो. ती माझ्या मायेनं गप्प झाली की आता हा कातडंही काढतो या भीतीनं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

वर गेल्यावर गार हवा सुरू झाली. जाळीतून बोट घातलं तर तिचं अंग थडथडत होतं. केस असते तर तिला ती थंडी कळलीही नसती. डोक्यावरचं गार हवेचं भोक बंद केलं, तरी खाली गारवा. माझ्या अंगात एक सदरा होता, तो काढून उघडा बसणं शक्य नव्हतं. हवाईसुंदरीकडं पांघरूण मागितलं, या विमानात ते नसतं म्हणाली. मी नुसता हाताचा तळवा जाळीवर दाबून बसलो, जणू त्यानं ऊब जाणार होती.

बाबा बघत होते. "काय झालं त्याला?"

"कुडकुडतंय, बाबा. केस कापले मी त्याचे."

"थंडीत? आसं कोन करतंय?"

"मीच केलं."

बाबांनी च्च् केलं. मग गळ्यातला मफलर काढला आणि दोन बोटांत धरून, अंग जेवढं लांब ठेवता येईल तेवढं ठेवून माझ्यापुढं धरला. "घे. वरनं टाक. आत हात घालू नगं, म्हंजी मला बघाया लागंल."

मी चेन न उघडता मफलर बॅगेभोवती गुंडाळला, फक्त श्वासाला एक बाजू मोकळी ठेवली. हळूहळू थडथड थांबली. बाबा पाय वरच ठेवून अधूनमधून विचारत होते, "हाय का? झोपलं का?" जसं काही त्यांचंच नातवंड खाली होतं. नंतर पिशवीतून एक बरणी काढून त्यांनी मला सुनेनं दिलेला लाडू दिला, आणि अर्धा तुकडा परत मागे घेऊन म्हणाले, "त्याला देऊ नगं आं, लई तूप हाय."

उतरताना खिडकीतून आधी उसाची हिरवी चौकोनं दिसली, मग एकदम उघडा, दगडाळ माळ. चालत फिरलेला मुलूख वरून बघायची सवय नव्हती. चाकं टेकली तसा पुढच्या रांगांतून साईबाबांचा जयजयकार झाला आणि खालून शेवंती पहिल्यांदा, खणखणीत भुंकली. बाबांचे नुकतेच खाली आलेले पाय परत वर गेले.

मफलर द्यायला गेलो तर घेईनात. "ऱ्हाऊ दे. आता तो कुत्र्याचा झाला." हे रागानं म्हणाले की प्रेमानं, कळायच्या आत ते शिडीकडं गेलेही.

कोपरगाव

विमानतळ आहे काकडी गावाच्या माळावर, तिथून गाडी कोपरगावकडं निघाली. साखर कारखान्यांचा हंगाम होता. उसानं भरलेल्या ट्रॉल्या रस्ता अडवून चाललेल्या, हवेत मळीचा आंबूस वास. बेंगळुरूत इतकी वर्षं राहून मला तिथल्या रस्त्यावर कधी वास आलेला आठवत नाही. इथं काच बंद करूनही येत होता. शेवंती जाळीला नाक लावून तो ओढत होती. मी मात्र मनात एकच वाक्य घोळवत होतो: काकू, वजनासाठी कापले. काकू, उगवतील. कुठलंच नीट बसेना.

लीलामावशींचं घर गोदावरीकडं जाणाऱ्या रस्त्यावर. काकू ओसरीत लोखंडी खाटेवर बसल्या होत्या. शेजारी चालायची काठी, मांडीवर पितळी दांड्याची फणी. मी अंगणात पाय टाकला आणि शेवंतीनं बॅगेत असा धिंगाणा घातला की चेन उघडताना माझं नख मोडलं. ती सुटली ती थेट काकूंच्या मांडीवर. चाटतेय, रडतेय, गोल फिरतेय. काकू हसत होत्या, "अगं हो, हो, किती..." आणि त्यांचा हात तिच्या डोक्यावर गेला. मानेवर आला. पाठीवरून शेपटीपर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

"सोपान. काय केलंस?"

"वजनासाठी, काकू. विमानात घेत नव्हते." हे पूर्ण खरं नव्हतं, पण त्या वेळी तेवढंच बाहेर पडलं. मग घाईघाईनं पिशवी पुढं केली. "सगळे जपून आणलेत. एक टाकला नाही."

काकूंनी पिशवीत हात घातला. बोटांनी केस ओळखले. पिशवी बाजूला ठेवली.

"अस्थी आणल्यासारख्या काय आणतोस मेल्या?"

"सुमे, शुभ बोल," आतून लीलामावशी आल्या. उंच, खणखणीत बाई. शेवंतीकडं बघून म्हणाल्या, "हे एवढंसं? फोटोत तर अस्वल दिसत होतं." मग माझ्याकडं वळून, "हे बघ बाबा, सुमननं सांगितलंच असेल. स्वयंपाकघर आणि देवघर सोडून. दोन दिवस. तुझं परतीचं तिकीट आहे ना? बॅग इथंच असू दे."

जेवायला मावशींनी हुलग्याची शेंगोळी केली होती, वर कच्चं तेल आणि कांदा. कितीतरी वर्षांनी खाल्ली. पण कान ओसरीकडं होते, आणि तिथून काहीच आवाज येत नव्हता. शेवंती काकूंच्या कुशीत होती, आणि काकूंनी तोंड भिंतीकडं केलं होतं. फणी खाटेखाली पडली होती. ती मी उचलून ठेवली नाही. धीर झाला नाही.

पुणतांब्याच्या रानात

आबांचा कळप त्या वेळी पुणतांब्याच्या अलीकडं एका काढलेल्या कांद्याच्या रानात बसला होता. इतक्या जवळ येऊन न भेटता जाणं शक्यच नव्हतं, म्हणून दुसरा दिवस तिकडं गेलो. आईनं दुरूनच कडाकडा बोटं मोडली. मेंढीच्या दुधाचा चहा, बाजरीची भाकरी, खरडा. आमची राखणीची कुत्री आधी मला ओळखेचनात. अंगाला दुकानातल्या शांपूचा वास येत होता. ओळख पटल्यावर त्यांनी एकदा शेपूट हलवलं आणि परत कामाला गेली. आमच्याकडं कुत्रं माणसाची राखण करतं, आणि मी ज्या गावात राहतो तिथं माणूस कुत्र्याची. दोन्हीकडं माझं पोट भरलंय, त्यामुळं कुणाला हसावं मला कळत नाही.

आबांना सगळं सांगितलं. ते पोट धरून हसले.

"आरं म्या मेंढराचं म्हन्लो! तू बाईच्या लेकराचं मुंडन करून आलास?"

"तुमीच म्हन्ला, लोकर उतरव."

"मी म्हन्लो. पर बघाया मी हुतो का तितं? डोळं तुलाच हायत ना?"

आई हसली नाही. चुलीपुढं भाकरी थापता थापता म्हणाली, "येनी घालायची पोर हुती ती तिची. रोज सांजच्याला डुईवरनं हात फिरवायला कायतरी लागतंय मान्साला, सोपाना."

त्यानंतर माझं लक्ष कशातच लागेना. आबांनी मेंढ्या दाखवल्या, नवी कोकरं दाखवली. मी हो हो म्हणत होतो. कोपरगावला फोन लावला, कुणी उचलला नाही. परत लावला, परत तेच. कांद्याच्या बांधावरून मी इकडून तिकडं चालत राहिलो. मावशींनी बाहेर काढलं असेल का तिला? रात्री इथं किती गारठा पडतो, आणि तिच्या अंगावर काही नाही. रस्त्यावर ट्रॉल्या. बेंगळुरूला परत न्यायची वेळ आली तर मालक ठेवून घेईल, पण काकूंना इथं काय राहतं मग?

"जा बाबा तू," शेवटी आबाच म्हणाले, "बांध झिजवलास समदा."

परत कोपरगाव

तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणात आलो आणि आधी भांडणच ऐकू आलं.

"गळ्यापाशी आवळतंय लीला, मी सांगते तुला."

"काही आवळत नाही. तुला दिसतंय का? मला दिसतंय."

"मला हाताला कळतं."

ओसरीत शेवंती उभी होती, आणि तिच्या अंगात अंगडं होतं. जुन्या गोधडीचं, आतून मऊ, बाहेरून निळ्या-पिवळ्या तुकड्यांचं, पोटाखाली तीन बटणं. दुसरं एक अर्धवट शिवलेलं लीलामावशींच्या हातात होतं. सुईत दोरा होता, आणि त्यांच्या पायाशी, देवघराच्या उंबऱ्याला लागून, पेरूवाल्या बाबांचा मफलर चौघडी करून अंथरलेला.

"आलास?" मावशी माझ्याकडं न बघता म्हणाल्या. "काल पहाटे हे पोर थडथडत होतं. कुणी शहाण्यानं थंडीत कातरून ठेवलंय. आता उघडं ठेवायचं का त्याला? दिवसभर शिवत बसले, फोन वाजत होता तर हातातलं टाकून उठता येईना." मग एकदम आवाज चढवून, "आणि हिला आवडत नाही! म्हणे आवळतंय."

काकूंनी शेवंतीला जवळ ओढलं. पोटाखालची बटणं चाचपून एकेक काढली, अंगडं सरळ केलं, परत एकेक लावली. मग परत काढली. त्यांच्या बोटांना घाई नव्हती. मी बघत होतो हे त्यांना कळलं असावं.

"दिवे लागले की हे काढायचं, दुसरं घालायचं," त्या म्हणाल्या, "लीलाला एक काम धड येत नाही, शिवणसुद्धा."

मी निघायला उठलो. विमानाची वेळ होत आली होती. बॅग उचलली तर जड लागली. शेवंती अंगड्यासकट आत जाऊन बसली होती, तोंड जाळीकडं, चला म्हणून. तिला वाटलं असावं, आता परत. काकूंचे हात खाटेच्या काठावर घट्ट झाले.

मी चेनीकडं हात नेला आणि तसाच ठेवला. शेवंतीला बाहेर काढू की बॅग बंद करू, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

लीलामावशींनी दोरा दातांनी तोडला. "ती खाली ठेव," म्हणाल्या. "बसायची सवय झालीय तिला त्यात."

"मावशी, बॅग मालकाची आहे."

"मग मालकाला सांग, कोपरगावच्या लीलाबाईंनी ठेवून घेतली. यायचं म्हणावं न्यायला, शेंगोळी करते."

मी बॅग खाली ठेवली. मावशींच्या पाया पडलो, मग काकूंच्या. काकूंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि थोडा वेळ तो काढला नाही.

"परत ये," म्हणाल्या. "कात्री आणू नकोस. नुसता ये."